नवा सायलेन्सर गाडीला का बसत नाही? जबलपूरच्या ‘जोंगा’तून उलगडणारे जुळणीचे गणित

जबलपूर : ‘जोंगा’ या गाडीच्या नावातच जबलपूर दडलेले आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली’ या नावाच्या आद्याक्षरांतून हा शब्द घडला. जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या मोटारीवर आधारलेली आणि चारही चाकांना गती देणारी ही लष्करी गाडी १९६९ ते १९९९ या काळात येथील वाहन निर्माणीत तयार होत असे. हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखानाही याच कंपनीत येतो.

लष्करी सेवेतून निवृत्त झालेल्या जोंगा लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी २०१९ मध्ये रांचीत अशा गाडीतून फिरताना दिसले, तेव्हा हे नाव नव्या पिढीच्याही कानांवर पडले. मात्र लिलावात गाडी मिळाली, तरी तिचे सुटे भाग मिळतातच असे नाही. सहा सिलिंडरच्या सुमारे चार लिटर क्षमतेच्या पेट्रोल इंजिनाचा धूर वाहून नेणारी मूळ नळी आणि सायलेन्सर कुजल्यावर मालकापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर बाजारात मिळणारा दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर बसवून घ्यायचा, नाही तर कारागिराकडून नवा घडवून घ्यायचा. दोन्ही मार्गांवर ‘बसत नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येते. नव्या बनावटीच्या मोटारीसाठी आफ्टरमार्केट सायलेन्सर विकत घेणाऱ्यालाही तेच ऐकावे लागते. फरक इतकाच की, त्याला पेटीवर ‘थेट बसणारा’ असे छापून मिळालेले असते.

सायलेन्सर कुजतो तो प्रामुख्याने आतून. एक लिटर पेट्रोल जळते, तेव्हा जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबचा प्रवास झाला की ते नळीच्या तोंडातून बाहेर पडते. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही, वाफ आतच गोठते आणि आम्लयुक्त पाणी पत्रा खाते. लिलावापूर्वी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाड्यांचे सायलेन्सर वरून ठीक दिसतात आणि पाना लावताच हातात येतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

दोष नळीचा की जागेचा?

जुळणीच्या तक्रारींकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट वारंवार आढळते. भाग चुकीचा असण्यापेक्षा तो चुकीच्या स्थितीत धरलेला असणे अधिक वेळा घडते. इंजिनापासून मागच्या बंपरापर्यंतची नळी ही एक लांब तरफ आहे. पुढच्या फ्लँजपाशी ती केवळ एका अंशाने वळली, तर अडीच मीटर मागे तिचे टोक सुमारे ४४ मिलिमीटरने सरकते. मागे बंपरला नळी घासते म्हणून कारागीर मागचे टोक कापतो किंवा वाकवतो. चूक मात्र पुढे, गाडीखाली हात सहज न पोचणाऱ्या जागी असते.

म्हणून कापणे, वाकवणे, हातोडी मारणे या गोष्टी शेवटी येतात. प्रथम सर्व जोड सैल ठेवून संपूर्ण नळी टांगावी. नट हाताने फिरतील इतकेच घ्यावेत. टांगणीची सर्व रबरे जागेवर आली, नळी कोठेही चिकटत नाही याची खात्री झाली, की मग इंजिनाकडून मागे, क्रमाने एकेक जोड आवळावा. पहिलाच फ्लँज पूर्ण आवळून पुढचे काम करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्या एका घाईमुळे उरलेल्या सर्व जोडांना वाकडे व्हावे लागते.

जुन्या गाडीत आणखी एक फसगत होते. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते, ते वयोमानाने दबतात. इंजिन काही मिलिमीटर खाली किंवा एका बाजूला झुकते आणि त्याच्यासोबत मॅनिफोल्डचे तोंडही झुकते. जुनी नळी या झुकावाबरोबर हळूहळू जुळवून घेत आलेली असते. मूळ मापाने अचूक बनवलेली नवी नळी आली की ती ‘चुकीची’ वाटते. जोंगासारख्या तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत सायलेन्सरच्या कामाला हात घालण्यापूर्वी इंजिनाचे आधार तपासणे आवश्यक आहे. ते नंतर बदलले, तर सायलेन्सरचे काम पुन्हा करावे लागते. अनेक जोंगांत मालकांनी मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसवले आहे. अशा गाडीत मॅनिफोल्डचे तोंडच दुसऱ्या ठिकाणी असते, त्यामुळे मूळ नळीचा आराखडा हाती असला तरी पुढच्या भागासाठी तो निरुपयोगी ठरतो.

जुना भाग फेकू नये

गंजलेले नट काढताना संयम लागतो. आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल सोडून ठेवावे. मॅनिफोल्डचा स्टड तुटला, तर तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते. नट हलतच नसेल, तर तो छिन्नीने फोडणे किंवा कापणे स्टड तोडण्यापेक्षा स्वस्त पडते. गॅसच्या ज्योतीने तापवण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु इंधनाची नळी आणि ब्रेकचे रबरी पाइप जवळून जात असतील, तर ती टाळावी.

काढलेली जुनी नळी कितीही सडलेली असली, तरी काम पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावी, कारण तिच्याइतका खात्रीचा नमुना दुसरा नाही. नवी आणि जुनी नळी जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून पाहावे. फ्लँजवरील भोकांच्या मध्यांतील अंतर, टांगणीच्या सळ्यांची जागा आणि दिशा, एकूण लांबी, तसेच नव्या मोटारीत ऑक्सिजन सेन्सरसाठी असलेले आटे यांत फरक असेल, तर तो गाडीखाली झोपण्यापूर्वीच कळतो. मोजपट्टी आणि खडू एवढ्या साहित्यात होणारी ही तपासणी अनेकजण टाळतात आणि मग अर्धी बसवलेली नळी परत उतरवतात. एकदा बसवून ओरखडे पडलेला भाग विक्रेता परत घेण्यास सहसा राजी नसतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.

लिलावातील गाडीत पुष्कळदा जुनी नळीच नसते. अशा वेळी अनुभवी कारागीर पातळ सळई घेतात आणि मॅनिफोल्डपासून मागच्या टोकापर्यंत, चेसिसच्या आडपट्ट्या, गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट चुकवत ती हाताने वाकवत नेतात. ही सळई म्हणजे नळीच्या मध्यरेषेचा नमुना. नळीची अर्धी जाडी आणि मोकळी जागा धरून ती सगळीकडून दूर असली पाहिजे. जोंगात पुढच्या आणि मागच्या दोन्ही धुऱ्यांकडे फिरते शाफ्ट जातात, त्यामुळे सामान्य मोटारीपेक्षा वाट अधिक अरुंद असते.

लक्षणावरून कारण

फ्लँजची भोके जुळत नसतील, तर आधी पुढचे-मागचे सर्व जोड सैल करून पुन्हा पाहावे. तरीही एक-दोन मिलिमीटरचा फरक राहिला, तर भोक कानशीने लांबट करता येते. त्याहून अधिक फरक असेल, तर फ्लँज चुकीच्या कोनात वेल्ड झालेला आहे आणि तो कापून पुन्हा जोडण्यास पर्याय नाही. बोल्टच्या जोरावर फ्लँज ओढून जुळवला, तर तो त्या दिवशी बसतो. काही महिन्यांनी वेल्डिंगच्या कडेला किंवा मॅनिफोल्डलाच तडा जातो. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड वाकत नाही, तो फुटतो.

एका नळीत दुसरी सरकवण्याच्या जोडात घोळ होतो तो मापाचा. बाजारात ‘दोन इंची’ म्हणून मिळणारी नळी बाहेरून ५०.८ मिलिमीटर असते, तर काही नळ्यांचे माप ५० मिलिमीटर धरलेले असते. शिवाय एक विक्रेता बाहेरील व्यास सांगतो, दुसरा आतील. जेमतेम एका मिलिमीटरची ही फट डोळ्यांना दिसत नाही, पण धूर तिच्यातून सहज निघतो. कॅलिपरने दोन्ही माप घेणे हाच उपाय. इंग्रजी ‘यू’ आकाराचा क्लॅम्प जोरात आवळून फट बुजवली, तर नळी चेपते आणि पुढे कधी ती सोडवायची झाल्यास कापावीच लागते. संपूर्ण घेराला पट्ट्यासारखा धरणारा रुंद क्लॅम्प महाग असला, तरी दाब सारखा ठेवतो.

टांगणीची रबरे ही या कामातील सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहेत. नळी योग्य जागी असेल, तर रबर सरळ खाली लोंबते. ते पुढे ताणले गेले असेल, तर नळी लांबीला कमी पडते आहे. मागे ताणले असेल, तर ती लांब आहे किंवा जोडात पुरेशी आत गेलेली नाही. डावीकडे वा उजवीकडे ओढ असेल, तर पुढे कोठेतरी नळी वळलेली आहे. नवे, कडक रबर लावून ही ओढ दडपण्याचा मोह होतो. तसे केल्यास सायलेन्सरची कंपने थेट चेसिसमध्ये उतरतात आणि ठराविक वेगावर गाडीत घुमणारा आवाज येऊ लागतो.

गाडी थंड असताना सर्व ठीक आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर खडखडाट, अशी तक्रार असेल, तर कारण उष्णतेने होणाऱ्या प्रसरणात शोधावे. साध्या पोलादाची दोन मीटर लांबीची नळी ३०० अंशांनी तापली की सुमारे ७ मिलिमीटर वाढते. ३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलची नळी त्याच तापमानवाढीत सुमारे १० मिलिमीटर वाढते. ‘स्टेनलेस म्हणजे उत्तम’ एवढे ऐकून साध्या नळीच्या मापाने स्टेनलेसची नळी बसवणाऱ्यांना हा तीन मिलिमीटरचा फरक नंतर ऐकू येतो. शिवाय इंजिन स्वतः आधारांवर डोलते, त्यामुळे पुढच्या भागात लवचीक नळीचा तुकडा नसेल, तर हा सर्व ताण मॅनिफोल्डच्या जोडावर येतो. नळी आणि पत्रा यांच्यामध्ये सर्वत्र किमान २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवणे इष्ट असते.

खड्ड्यात गाडी आपटताच ठोका बसत असेल, तर दोष वेगळाच असतो आणि तो गॅरेजमध्ये दिसत नाही. चेसिसखाली जॅक लावून गाडी उचलली की धुरा खाली लोंबतो आणि त्याच्यावरून जाणाऱ्या नळीला भरपूर जागा आहे असे वाटते. चाके जमिनीवर टेकताच धुरा वर येतो, सामान आणि माणसे बसल्यावर आणखी वर येतो. जोंगासारख्या कमानपाट्यांच्या गाडीत हे अंतर विशेष मोठे असते. त्यामुळे माप नेहमी चाकांवर वजन असताना घ्यावे. धुरा वर जाऊन ज्या रबरी थोपवणीवर आदळतो, तिच्यापर्यंतचे अंतर मोजावे. धुरा आणि नळी यांतील अंतर त्यापेक्षा निश्चितपणे जास्त हवे.

गळती शोधण्याची जुनी युक्ती आजही सर्वांत उपयोगी आहे. इंजिन थंड असताना सुरू करून मागच्या तोंडावर जाड ओला फडका काही क्षण धरला, की आतला दाब वाढतो आणि गळक्या जोडातून फुसफुस ऐकू येते. संशयित जोडावर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे दिसतात. काही दिवस चाललेल्या गाडीत जोडाभोवती काजळीची काळी रेघ उमटलेली असते. सकाळी इंजिन सुरू होताना ‘टिकटिक’ आणि तापल्यावर शांतता, हे मॅनिफोल्डजवळच्या गळतीचे लक्षण आहे. धातू फुगला की फट मिटते, म्हणून गॅरेजपर्यंत पोचेतो आवाज बंद झालेला असतो आणि कारागिराला काहीच सापडत नाही. एकदा दाबले गेलेले पॅकिंग पुन्हा वापरणे हे अशा गळतीचे नेहमीचे कारण आहे.

नव्या मोटारीत मॅनिफोल्ड आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्यामधील गळती फसवी असते. धुराच्या स्पंदनांमुळे त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला प्राणवायू जास्त दिसतो, संगणक त्यावरून पेट्रोल वाढवतो, मायलेज घटते आणि फलकावर दिवा लागतो. मालक इंजेक्टर तपासत बसतो. उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून टाकलेल्या सायलेन्सर संचात तर पी ०४२० हा दोषसंकेत जवळजवळ अटळ असतो आणि ती तक्रार जुळणीची नसून निवडीची असते.

जिवाशी संबंध

गळतीचा प्रश्न आवाजापुरता नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरते. गाडीच्या तळाशी गंजलेली भोके असतील आणि जोड त्यांच्याखालीच गळत असेल, तर धूर थेट आत येतो. जोंगासारख्या कापडी छताच्या गाडीत तो मागूनही येतो. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या पडद्याच्या फटीतून धूर आत ओढला जातो. म्हणून नळीचे तोंड बंपरच्या आत, गाडीच्या तळाखाली संपता कामा नये. प्रवासात डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे खिडक्या उघडताच कमी होत असतील, तर गाडी थांबवून बाहेर पडावे आणि सायलेन्सर तपासल्याशिवाय ती पुन्हा चालवू नये.

वेल्डिंग करतानाही काही पथ्ये आहेत. नळी गाडीखाली योग्य स्थितीत असताना जोडावर खडूने आडवी रेघ ओढावी, केवळ दोन-तीन ठिकाणी टाके मारावेत आणि नळी उतरवून पूर्ण वेल्डिंग बाहेर करावे. सलग वेल्डिंगच्या उष्णतेने नळी एका बाजूला खेचली जाते, त्यामुळे समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने थोडे थोडे वेल्ड करणे चांगले. टाके मारण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेच्या अगदी जवळ, त्याच नळीवर लावावा. तो दूर चेसिसवर लावल्यास विद्युतप्रवाह बेअरिंगमधून वा सेन्सरमधून वाट काढतो. गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेतच.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. याच नियमावलीतील नियम ११३ सांगतो की, धुराची नळी इंधनवाहक नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असू नये. नवी वाट आखताना हा आकडा कारागिराला आधीच सांगावा. प्रवासी मोटारींसाठी उत्पादनाच्या टप्प्यावर १ एप्रिल २००५ पासून आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, तर आवाज व वायुप्रदूषणाच्या मानकांच्या भंगासाठी पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास अशी तरतूद केली. दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात. कुजलेल्या सायलेन्सरच्या जागी तितकाच शांत सायलेन्सर बसवणे आणि आवाज वाढवण्यासाठी तो बदलणे यांतील अंतर येथे निर्णायक ठरते. कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची दृश्ये वाचकांच्या परिचयाची आहेत. जोंगात इंजिनच बदललेले असेल, तर त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर असल्याची खात्री सायलेन्सरच्या खर्चात पडण्यापूर्वी करून घ्यावी.

काम संपल्यावर गाडी पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून, पूर्ण थंड होऊ द्यावी आणि सर्व जोड पुन्हा आवळावेत. पहिल्या काही तापण्या-निवण्यात पॅकिंग दबते आणि नट सैल होतात. काजळीची रेघ, ताणलेले रबर आणि रंग घासला गेलेली जागा, या तीन खुणा याच वेळी पाहाव्यात. प्रदूषण तपासणी त्यानंतर करावी. तपासणीची नळी मागच्या तोंडात पुरेशी आत जाईल इतका शेवटचा भाग सरळ ठेवला आहे ना, हे वेल्डिंगपूर्वीच पाहिलेले असले म्हणजे केंद्रावरून परत फिरावे लागत नाही.